परिचारिकेला मोजलं, रात्रपाळी मोजायची राहिली



फॅक्टर अ‍ॅनालिसिसवर लिहिलं तेव्हा काही जणांनी विचारलं होतं, 'ताई, एखादा खरा पेपर घेऊन दाखवा ना.' म्हणून आज एक पेपर घेतलाय. हा पेपर मी स्वतः जवळजवळ दीड वर्षं डोक्यावर घेऊन नाचत होते. त्यामुळे आज त्याची समीक्षा करताना थोडी माझीही होणार आहे.

माझं एम.एस्सी. संख्याशास्त्रात झालं, पण पीएच.डी.चा विषय रुग्णालयातला आहे. मानसिक आजार असलेला किंवा स्वतःला इजा करून घेतलेला माणूस आपत्कालीन विभागात, म्हणजे आपल्या कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा त्याची पहिली गाठ बहुतेक वेळा नर्सशी पडते. तो कुठे बसणार, त्याच्याजवळ कोण थांबणार, डॉक्टरांना आधी काय सांगितलं जाणार, यातलं बरंचसं तिथे ठरतं. ती त्याच्याशी कशी वागते आणि तसं का वागते, हा माझा प्रश्न.

प्रश्न ठरला की आपण सगळे काय करतो? तयार प्रश्नावली शोधतो. मीही शोधली, मराठीत आणली आणि रीतसर परवानगी काढून एका सरकारी रुग्णालयात पायलटसाठी घेऊन गेले. तिथल्या एका ज्येष्ठ सिस्टरांनी सगळे कागद भरले, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका. या पेशंटबद्दल मला काय वाटतं, हे तुम्ही फिरवून फिरवून विचारलंय. रात्री माझ्यासोबत किती जणी असतात, हे एकदाही विचारलं नाहीत."

मी हसून वेळ मारून नेली. परतताना एसटीत मात्र तेच डोक्यात घोळत होतं. त्या दिवसापासून मी हा पेपर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. आता तो तुमच्यासोबत वाचते.

पेपर काय सांगतो?

पेपर २००२ सालचा, 'जर्नल ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड नर्सिंग'मधला. लेखिका मार्गारेट मॅकअ‍ॅलिस्टर आणि त्यांच्या सहकारी. ठिकाण ऑस्ट्रेलियातलं क्वीन्सलँड राज्य. स्वतःला इजा करून आलेल्या रुग्णांबद्दल आपत्कालीन विभागातल्या परिचारिकांचा दृष्टिकोन मोजणारी प्रश्नावली तयार करायची आणि ती तपासून पाहायची, हा उद्देश. २३ मोठे सरकारी आणि १४ मोठे खासगी आपत्कालीन विभाग घेतले. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १००८ परिचारिकांना प्रश्नावली पाठवली. ३५२ जणींनी ती भरून दिली, म्हणजे सुमारे ३५ टक्के.

उत्तरांवर प्रिन्सिपल कंपोनंट अ‍ॅनालिसिस केलं, त्यातून चार घटक निघाले. एक, रुग्णाचं मूल्यमापन करून त्याला योग्य ठिकाणी पाठवण्याच्या कौशल्याबद्दल स्वतःला वाटणारा आत्मविश्वास. दोन, रुग्णाला परिणामकारकपणे हाताळण्याची क्षमता. तीन, समानुभूती. चार, कायदे आणि रुग्णालयाचे नियम सांभाळून काम करण्याची क्षमता. निष्कर्ष असा की एकूण दृष्टिकोन नकारात्मक बाजूला झुकलेला आहे. आपत्कालीन विभागातल्या अनुभवाची वर्षं आणि एकूण गुण यांत सहसंबंध दिसला, तसाच वय आणि समानुभूती यांतही.

आधी चांगलं ते सांगते, कारण समीक्षा म्हणजे नुसती चिरफाड नाही. नमुना यादृच्छिक आहे. ओळखीतल्या एकाच रुग्णालयातल्या जमतील तेवढ्या नर्सेस पकडून आणलेल्या नाहीत. सरकारी आणि खासगी दोन्ही विभाग घेतलेत. प्रतिसाद किती कमी आला हे लपवलेलं नाही. आपल्याकडच्या किती प्रबंधांबद्दल असं म्हणता येईल? ही प्रश्नावली पुढे इतर देशांतल्या संशोधकांनीही वापरली, ते काही उगाच नाही.

आता शंका.

पहिली शंका: गप्प राहिलेल्या ६५६ जणी

१००८ मधून ३५२ गेल्या की उरतात ६५६. त्यांनी काहीच सांगितलं नाही. मग 'परिचारिकांचा दृष्टिकोन नकारात्मक' या वाक्यातल्या परिचारिका नक्की कोणत्या?

एक हिशेब करू. पुढचे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, पेपरातले नाहीत. समजा, उत्तर देणाऱ्या ३५२ पैकी २०० जणींचा दृष्टिकोन नकारात्मक निघाला, म्हणजे सुमारे ५७ टक्के. आता गप्प राहिलेल्यांत हेच प्रमाण ३० टक्के असेल, तर १००८ पैकी ३९७ जणी नकारात्मक, म्हणजे ३९ टक्के. आणि गप्प राहिलेल्यांत ते ८० टक्के असेल, तर ७२५ जणी, म्हणजे ७२ टक्के. हातात आलेल्या प्रश्नावल्या त्याच, पण उत्तर ३९ पासून ७२ पर्यंत कुठेही असू शकतं.

त्यातून विषयही असा की गप्प राहणं आणि दृष्टिकोन यांचा एकमेकांशी संबंध असणारच. जिला या रुग्णांचा वैताग आहे ती कागद बाजूला टाकेल. किंवा उलट, वैतागलेलीच तावातावाने लिहील आणि शांतपणे काम करणारी म्हणेल, 'याला वेळ कुठाय?' यातलं काय झालं ते बाहेरून ओळखता येत नाही. व्हायव्हात 'सॅम्पल साइझ पुरेसा आहे' असं सांगून आपण सुटतो, पण ३५२ हा आकडा मोठा आहे म्हणून ही अडचण सुटत नाही. कमी प्रतिसाद मिळालेला सर्व्हे कितीही मोठा केला, तरी बोलणारेच बोलतात.

दुसरी शंका: घटकाला नाव कोणी दिलं?

माझ्या मते खरी गोम इथे आहे.

कंपोनंट अ‍ॅनालिसिस काय करतं ते आठवा. शाळेचं मार्कलिस्ट घ्या. मराठी, हिंदी आणि संस्कृतचे गुण साधारण एकत्र वर-खाली होतात, गणित आणि विज्ञानाचे वेगळे एकत्र होतात. सॉफ्टवेअर म्हणतं, हे दोन गठ्ठे आहेत. पहिल्या गठ्ठ्याला 'भाषेची आवड' म्हणायचं, की 'भाषेच्या सरांकडे शिकवणी', की 'घरात पुस्तकं असणं', हे सॉफ्टवेअरला कळत नाही. ते नाव आपण देतो. गठ्ठा गणिताने केला, नाव माणसाने दिलं. आणि पेपर छापून आला की ते नावही गणिताचंच असल्यासारखं वाटू लागतं.

आता ते चार घटक पुन्हा वाचा. मूल्यमापनाचा आत्मविश्वास: हे प्रशिक्षण आणि सरावावर अवलंबून. परिणामकारकपणे हाताळणं: यात कौशल्य आहे, पण हाताशी वेळ, जागा आणि माणसं किती आहेत हेही आहे. कायदे आणि रुग्णालयाचे नियम: हे तर सरळसरळ संस्थेचं. निव्वळ दृष्टिकोन म्हणावा असा घटक मला एकच दिसतो, समानुभूती. पण चौघांची बेरीज करून जो एकूण आकडा येतो, त्याचं नाव 'दृष्टिकोन'.

म्हणजे बघा काय होतं. एखाद्या रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ फक्त सकाळी असतात. रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाला पुढे कुणाकडे पाठवायचं हेच नर्सला माहीत नसतं. ती प्रामाणिकपणे लिहिते, 'मला खात्री वाटत नाही.' तिचे गुण कमी होतात. मग पेपर लिहिणारे आपण म्हणतो, परिचारिकेचा दृष्टिकोन नकारात्मक. रुग्णालयातली उणीव परिचारिकेच्या मनात जाऊन बसली! आणि शिफारशींत आपल्याला ठरलेलं वाक्य मिळतं: परिचारिकांना प्रशिक्षण द्यावं. प्रशिक्षण वाईट असं मी म्हणत नाही, पण दोन तासांच्या कार्यशाळेने रात्री दोन वाजता मानसोपचार तज्ज्ञ येत नाहीत.

त्या सिस्टरांचं म्हणणं हेच होतं. मी चार वर्षं संख्याशास्त्र शिकूनही ते मला दिसलं नव्हतं.

तिसरी शंका: कागदावरचं आणि प्रत्यक्षातलं

समजा, दृष्टिकोन अगदी नेमका मोजला. तरी त्यावरून वागणूक कळते का?

हा प्रश्न जुना आहे. रिचर्ड लापिएर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये एक अभ्यास छापला. एका चिनी जोडप्यासोबत तो अमेरिकाभर हिंडला होता. त्या काळी तिथे चिनी लोकांबद्दल उघड आकस होता. २५१ हॉटेलं आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी त्याने त्याच जागांना पत्राने विचारलं, 'चिनी ग्राहकांना घ्याल का?' १२८ उत्तरं आली, त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी 'नाही' लिहिलं. त्या अभ्यासातही खोट काढता येते (दारात उभा असलेला आणि पत्राला उत्तर देणारा माणूस एकच होता का, वगैरे), पण धडा पक्का आहे. कागदावर नकार देणारा दारात आत घेऊ शकतो.

याच्या उलटही घडतं, आणि आपल्या विषयात ते जास्त भयंकर आहे. जून २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या किंग्ज काउंटी रुग्णालयात, मानसोपचाराच्या आपत्कालीन विभागाच्या प्रतीक्षाकक्षात, ४९ वर्षांची एक महिला जवळजवळ २४ तास थांबून होती. पहाटे ती खुर्चीवरून खाली कोसळली आणि सुमारे तासभर जमिनीवर पडून राहिली. कर्मचारी येऊन बघून गेले. तिचा मृत्यू झाला. पायातल्या रक्ताच्या गुठळ्या फुप्फुसात गेल्या होत्या, म्हणजे मृत्यूचं कारण शारीरिक होतं. तिच्या नोंदींत मात्र त्याच वेळेला ती उठून फिरत असल्याचं आणि शांत बसल्याचं लिहिलेलं होतं. कॅमेऱ्यात वेगळंच दिसलं.

हे उदाहरण परिचारिकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायला देत नाहीये. त्या खोलीत डॉक्टर, सुरक्षारक्षक, नोंदी ठेवणारे, सगळेच होते. मुद्दा संशोधनाचा आहे. नोंदवही एक सांगते, कॅमेरा दुसरं सांगतो. मग आपण फक्त माणसाने स्वतःबद्दल भरून दिलेल्या कागदावर प्रबंध उभा करत असू, तर आपण नक्की काय पाहिलं? मानसिक आजाराचा शिक्का बसला की शरीराची तक्रार मागे पडते, हा धोका आपत्कालीन विभागात खरा आहे. तो पकडायचा तर रुग्ण आल्यापासून पहिली नाडी कधी पाहिली, रक्तदाब कधी घेतला, डॉक्टर कधी आले, या वेळा हव्यात. 'मला या रुग्णांबद्दल सहानुभूती आहे: सहमत, असहमत' यातून त्या मिळत नाहीत.

चौथी शंका: अनुभवाने माणूस बदलतो, की टिकणारेच वेगळे असतात?

अनुभवाची वर्षं आणि गुण यांत सहसंबंध आहे, म्हणजे अनुभवाने दृष्टिकोन बदलतो, असं वाचण्याचा मोह होतो. पण हा सर्व्हे एकाच वेळी केलेला आहे. वीस वर्षं झालेली नर्स आणि दोन वर्षं झालेली नर्स या दोन वेगळ्या बायका आहेत. ज्यांना हे काम झेपलं नाही त्या मधल्या काळात बदली घेऊन, नोकरी सोडून गेल्या असतील. उरल्या त्यांचंच उत्तर आपल्याकडे आहे. सैन्यातल्या निवृत्तांना भेटून 'युद्धात कुणी मरत नाही' म्हणण्यासारखं होईल ते.

आणखी एक. ३५२ भागिले ३७ विभाग, म्हणजे विभागामागे सरासरी नऊ-दहा परिचारिका. मी असते तर आधी हे विचारलं असतं: उत्तरांतला फरक जास्त करून दोन परिचारिकांमधला आहे, की दोन विभागांमधला? एकाच विभागातल्या सगळ्या जणी सारखं बोलत असतील, तर कारण त्यांच्या मनात शोधण्यात अर्थ नाही, विभागात शोधायला हवं. बहुस्तरीय प्रतिमानाने हे वेगळं काढता येतं. पेपरचे मुख्य निष्कर्ष मात्र वय आणि अनुभव, म्हणजे व्यक्तीपाशीच थांबतात.

मग व्यक्तीला सोडून फक्त व्यवस्था मोजायची का?

सिस्टरांचं ऐकल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले होते. तेव्हा हाती लागला २०१४ चा स्कॉट झेलर आणि सहकाऱ्यांचा कॅलिफोर्नियातल्या अलामेडा काउंटीचा पेपर. तिथे सर्वसाधारण रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतून मानसोपचाराचे रुग्ण एका प्रादेशिक मानसोपचार आपत्कालीन केंद्रात लवकर हलवतात. ३० दिवसांत, पाच रुग्णालयांतल्या १४४ रुग्णांची नोंद ठेवली. तिष्ठत राहण्याचा सरासरी वेळ सुमारे १ तास ४८ मिनिटं निघाला. लेखकांच्या मते राज्यातल्या सरासरीपेक्षा तो ८० टक्क्यांहून कमी. केंद्रातून पुढे आंतररुग्ण म्हणून दाखल करावं लागलं ते फक्त चौथ्या हिश्श्याला.

कुणाचाही दृष्टिकोन न बदलता केवढा फरक! मी हरखून गेले होते. पण वरच्याच चाळणीतून हाही पेपर काढा. आधी-नंतर अशी तुलना नाही. तुलना राज्याच्या सरासरीशी आहे, जी वेगळी गोळा केलेली आहे. कालावधी एक महिना. मुख्य लेखक त्याच केंद्राचे प्रमुख होते. त्यात गैर काही नाही, पण वाचताना लक्षात ठेवायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: इथे नर्स कुठेच नाही. पहिल्या पेपरात फक्त तिचं मन होतं, दुसऱ्यात फक्त घड्याळ. रुग्ण पावणेदोन तास थांबला हे कळलं, त्या वेळात त्याच्याशी कुणी माणसासारखं बोललं का ते नाही कळलं. आणि ज्याच्यावर ती वेळ आलेली असते, त्याला तेही लक्षात राहतं.

आपल्याकडे हा पेपर आणताना

आपल्याकडच्या नर्सिंगच्या प्रबंधांत 'अमुक आजाराबाबत परिचारिकांचं ज्ञान आणि दृष्टिकोन' हा साचा तुम्ही पाहिलाच असेल. तुमच्यापैकी कुणी क्वीन्सलँडची प्रश्नावली मराठीत आणायचा विचार करत असेल, तर चौथ्या घटकापाशी थांबा. तिथला कायदा आणि इथला कायदा एक नाही. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमल मे २०१८ पासून. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं, तिला शिक्षा करायची नाही. तिला उपचार आणि पुनर्वसन मिळवून देणं सरकारचं कर्तव्य. पुढे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि दंडसंहितेतलं जुनं कलम ३०९ गेलं. असं असलं तरी कॅज्युअल्टीत अशा रुग्णाची एमएलसी होते, पोलिसांना कळवलं जातं, जबाब होतो. 'याला मदत करायची आहे' आणि 'याची पोलीस नोंद करायची आहे', ही दोन्ही कामं एकाच टेबलावर होतात. त्या टेबलावरची नर्स नियमांबद्दल 'खात्री नाही' म्हणाली, तर तो तिचा दृष्टिकोन म्हणायचा का? नुसतं भाषांतर, उलट-भाषांतर आणि क्रॉनबाख अल्फा काढून हा प्रश्न सुटत नाही. अल्फा ०.८ च्या वर आला म्हणजे प्रश्न एकमेकांशी जुळतात एवढंच. ते योग्य गोष्ट विचारतात असं नाही.

मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये काय बदललं ते सांगते, कदाचित उपयोगी पडेल.

एक, 'दृष्टिकोन' हा एकूण गुण काढणं बंद केलं. समानुभूती, कौशल्य आणि परिस्थिती, तिन्ही वेगवेगळी मांडते.

दोन, प्रत्येक प्रश्नावलीसोबत पाळीचा एक कागद जोडला: त्या पाळीत किती नर्सेस, किती रुग्ण, मानसोपचार तज्ज्ञ उपलब्ध होते का, शांत बसवायला वेगळी जागा होती का. अर्धं पान आहे, भरायला तीन मिनिटं लागतात.

तीन, काही पाळ्यांमध्ये मी स्वतः बसून वेळा टिपणार आहे. नैतिक समितीने यावर बरेच प्रश्न विचारले आणि बरोबर विचारले. माणूस आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री तिथे आलेला असतो, त्याला आपला डेटा व्हायची हौस नसते. म्हणून रुग्णाची ओळख टिपायची नाही, फक्त वेळा.

चार, जास्त रुग्णालयं आणि प्रत्येकातून थोड्या कमी परिचारिका, म्हणजे विभागांतला फरक वेगळा काढता येईल.

गाइडनी विचारलं, "काम दुप्पट झालं, कळतंय ना?" कळतंय. आणि माझ्या आराखड्यातही भोकं आहेत. मी बसलेली असताना सगळेच जरा नीट वागणार, हे पहिलं. त्यावर उपाय सुचला तर खाली जरूर लिहा.

दृष्टिकोनाला अर्थ नाही, असा या सगळ्याचा अर्थ काढू नका. 'हा नाटक करतोय' असं रुग्णासमोर बोललं जातं, ते त्याला लागतं, आणि कामाचा ताण होता म्हणून ते योग्य ठरत नाही. पण किती चूक त्या बोलणारीची आणि किती तिला एकटीला तीन माणसांच्या जागी उभं करणाऱ्याची, हे वेगळं करून दाखवणं हेच तर आपलं काम आहे. ते न करता आपण 'परिचारिकांचा दृष्टिकोन नकारात्मक' असं लिहिलं, तर आपला पेपर होतो आणि त्यांच्या नावावर एक शेरा राहतो.

तर तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयातला सगळ्यात जास्त उल्लेखला जाणारा पेपर उघडा. त्यातल्या मुख्य मापाचं नाव झाका आणि फक्त प्रश्न वाचा. नाव माहीत नसतं तर तुम्ही या मापाला काय म्हणाला असता, ते वहीत लिहा. मग झाकलेलं नाव उघडा. दोन्ही जुळली नाहीत, तर तुमच्या प्रबंधाचा पहिला परिच्छेद तुम्हाला सापडला.

मी पुढच्या महिन्यात तो पाळीचा कागद घेऊन पुन्हा त्याच रुग्णालयात जाणार आहे. आधी त्या सिस्टरांना दाखवीन.